दाजींची सायकल: १५ हजारांच्या लिंकपासून ५० हजारांच्या हिशेबापर्यंत

मागच्या वर्षी मे महिन्यात दाजींच्या शुगरचा रिपोर्ट बॉर्डरवर आला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, पण दाजींना नुसतं चालणं म्हणजे वेळ फुकट घालवल्यासारखं वाटतं, त्यामुळे रात्री साडेदहाला मला व्हॉट्सॲपवर एक लिंक आली. खाली एवढंच लिहिलेलं, "ही घेऊ का? २१ गिअर, डबल सस्पेन्शन, डबल डिस्क, १४ हजार ९९९." मी लिहिलं, "दाजी थांबा, उद्या बोलू." तो उद्या पुढं दीड महिना चालला, आणि त्या दीड महिन्यात आम्ही जे बघितलं, उचललं, वजन केलं, चालवलं ते सगळं इथं लिहून ठेवतोय, कारण त्यानंतर मला निदान आठ जणांनी हाच प्रश्न विचारलाय.

आधी माणूस सांगतो, कारण सायकल माणसावर ठरते. दाजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर, वय ४३, उंची १६९ सेंटिमीटर, वजन तेव्हा ८८ किलो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, राहायला साताऱ्यात. शाळा ११ किलोमीटर, त्यातले ८ डांबरी आणि शेवटचे ३ मुरूम. रोज नाही पण आठवड्यातनं तीन दिवस सायकलनं जायचं, आणि रविवारी यवतेश्वर घाट चढून जमेल तेवढं कासच्या दिशेनं जायचं, असा बेत. बजेट दाजींच्या मते १५ हजार, ताईच्या मते "काय लागतील ते एकदाच सांगा, परत परत मागू नका", म्हणजे साधारण ३० पर्यंत.

माझा पहिला सल्ला खरं सांगायचं तर हायब्रीडचा, म्हणजे बारीक टायरच्या रस्त्यावरच्या सायकलीचा होता. ८ किलोमीटर डांबरावर जाड टायरची सायकल ढकलायची म्हणजे उगाच घाम, आणि सस्पेन्शनच्या पैशात हायब्रीडला चांगले ब्रेक येतात. दाजी म्हणाले, "तू एकदा रस्ता बघायला ये." गेलो. शेवटच्या तीन किलोमीटरला रस्ता म्हणायचं हा त्या गावचा मोठेपणा आहे. मुरूम वाहून गेलेला, मुठीएवढे दगड वर आलेले, मध्ये एक ओढा आणि त्यावर फरशी पूल, त्याच्या दोन्ही बाजूला ट्रॅक्टरनं पाडलेल्या खोल चाकोऱ्या. म्हणलं ठीक आहे, एमटीबीच, म्हणजे माउंटन बाइकच घ्या. पण हार्डटेल, म्हणजे पुढं सस्पेन्शन आणि मागं कडक फ्रेम. डबल सस्पेन्शनचं खूळ डोक्यातनं काढा.

ते खूळ माझ्या बोलण्यानं निघालं नाही. दुकानात जाऊन निघालं.

१५ हजारवाली

लिंकमधली नाही पण तसलीच एक डबल सस्पेन्शन सायकल एका दुकानात होती. मी घरून बॅगा लटकवायचा डिजिटल वजनकाटा नेलेला, दुकानदारानं जरा विचित्र नजरेनं बघितलं पण लटकवू दिली. १९.४ किलो. दाजींनी ती उचलली, शेजारची साधी ॲल्युमिनियमची उचलली, काही बोलले नाहीत. मग मी मागचं चाक धरून आडवं हलवलं तर मागचा सगळा सांगाडाच डावीउजवीकडे हलत होता, कारण जिथं फ्रेमचे दोन भाग जोडलेत तिथं बेअरिंग नाही, प्लास्टिकची बुश आहे, आणि तिच्यात नव्या सायकललाच प्ले, म्हणजे ढिलाई. मागचा शॉक म्हणजे नुसती स्प्रिंग. स्प्रिंग दाबली की तेवढ्याच जोरात परत उसळते, तिला आवरणारं आत तेल नाही की काही नाही. दाजींनी दुकानासमोरच्या चढावर उभं राहून पायडल मारलं तेव्हा प्रत्येक पायडलला सायकल खाली बसत होती आणि वर येत होती, बैलगाडी बरी. चांगलं मागचं सस्पेन्शन असतं, पण त्या सायकली लाखाच्या पुढं सुरू होतात. १५ हजारात दोन्हीकडे सस्पेन्शन देणाऱ्यानं ते पैसे कुठून तरी कापलेले असतात, आणि इथं ते फ्रेममधनं, हबमधनं (चाकाच्या मधल्या भागातनं) आणि ब्रेकमधनं कापलेले.

आता त्या २१ गिअरचं. हे गणित मी दाजींना दुकानातल्या बिलाच्या मागच्या बाजूवर करून दाखवलं, शिक्षक असल्यामुळं लगेच पटलं. त्या सायकलला पुढं २४-३४-४२ दातांच्या तीन चकत्या, मागं सगळ्यात मोठी २८ ची. म्हणजे सगळ्यात हलका गिअर २४ भागिले २८, ०.८६. २९ इंची चाकाचा घेर साधारण २.२९ मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल १.९६ मीटर पुढं जाते. मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी ७ किलोमीटर. यवतेश्वरच्या घाटात ८८ किलोच्या माणसाला ताशी ७ नं चढवायचं म्हणजे पहिल्या दोन वळणांतच उतरून ढकलणं आलं. याउलट १८ गिअरच्या सायकलला पुढं सगळ्यात लहान २२ आणि मागं सगळ्यात मोठी ३६ असेल तर गुणोत्तर ०.६१, एका फेऱ्यात १.४० मीटर, ताशी ५. बसून, धापा टाकत का होईना, चढता येतं. आणि महागड्या १२ गिअरच्या सायकलला पुढं एकच ३२ ची, मागं ५१ ची, म्हणजे ०.६३. तर बघा, १२ गिअरवाली आणि १८ गिअरवाली घाट चढतायत आणि २१ गिअरवाली ढकलत न्यावी लागतेय. गिअर किती ते मोजू नका, पुढची सगळ्यात लहान आणि मागची सगळ्यात मोठी चकती एवढंच बघा.

२४ हजार, आणि एका आसाची गोष्ट

पुढचा आठवडा आम्ही २२ ते २६ हजारांच्या ॲल्युमिनियम हार्डटेल बघण्यात घालवला. या पट्ट्यात रॉकरायडर, फायरफॉक्स, माँट्रा अशी सगळी नावं भेटतात आणि सगळ्यांवर "शिमानो गिअर" लिहिलेलं असतं. शिमानो म्हणजे काय एकच वस्तू आहे का? टूर्नी, आल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर अशी ती उतरंड आहे, खालनं वर, सगळं शिमानोच. त्यात २०२३ मध्ये त्यांनी क्यूज नावाची मालिका आणली आणि आल्टस-असेरा-अलिव्हिओची जागा हळूहळू ती घेतेय, त्यामुळं जुनी यादी पाठ करून गेलात तरी दुकानात गोंधळ होतोच.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. गिअरच्या नावावर फार जीव टाकू नका. डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरनं दुसरीवर नेणारा भाग, हा सायकलवरचा सगळ्यात दिसणारा पार्ट आहे, म्हणून कंपनीवाले तिथं एक पायरी वरचा लावतात आणि शिफ्टर, चेन, हब, बीबी (बॉटम ब्रॅकेट, पायडलच्या दांड्या जिच्यावर फिरतात ती) खालच्या पायरीचे लावतात. डिरेलर उद्या बदलता येतो, अर्ध्या तासाचं काम. जे बदलता येत नाही, किंवा बदलायचं म्हणजे अर्ध्या सायकलचे पैसे, ते आधी बघायचं. फ्रेमचा साइज, हेड ट्यूब (फ्रेमची पुढची आखूड नळी, जिच्यात पुढचं चाक धरणारा फोर्क बसतो) कसली आहे, मागचा हब कसला आहे, आणि आस कसला आहे.

हब का? सांगतो. या बजेटमध्ये आमच्यापुढं दोन सायकली आल्या, दिसायला सख्ख्या बहिणी, किमतीत अडीच हजारांचा फरक. एक ३x७, म्हणजे पुढं तीन आणि मागं सात चकत्या, दुसरी ३x८. दाजी म्हणाले, "एका गिअरसाठी अडीच हजार?" एका गिअरसाठी नाही. ७ वाल्या सायकलला मागं फ्रीव्हील होतं, म्हणजे दातांचा सगळा गठ्ठा आट्यावर हबला फिरवून बसवलेला. त्यात उजव्या बाजूचे छर्रे हबच्या आत, फ्रीव्हीलच्या अलीकडे राहतात, आणि आसाचा उजवीकडचा तुकडा आधाराशिवाय लांब बाहेर येतो. वजनदार माणूस खड्ड्यात आपटला की आस तिथंच वाकतो, नाहीतर तुटतो. ८ वालीला कॅसेट होती. तिच्यात फ्रीहब, म्हणजे दाते ज्यावर बसतात तो तुकडा, हबचाच भाग असतो आणि उजवीकडचे छर्रे पार टोकाजवळ येतात, आसाला आधार मिळतो. ८८ किलो आणि मुठीएवढे दगड, तर अडीच हजार हे त्या आसाचे आहेत.

आता ८ स्पीडमध्येही फ्रीव्हील येतं, त्यामुळं नुसतं मोजून फसू नका. ओळखायची पद्धत सोपी आहे. मागच्या दातांच्या मध्यभागी पान्याच्या खाचा असलेली रिंग दिसते, दाते उलटे फिरवा. ती रिंग दात्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागच्या जागी राहिली तर फ्रीव्हील. दाजी हे आता येईल त्याला सांगतात, शाळेच्या सायकल स्टँडमध्ये पोरांच्या सगळ्या सायकली तपासून झाल्या.

२४ हजारांच्या त्या कॅसेटवाल्या सायकलला दोन गोष्टी नडल्या. ब्रेक केबलवाले डिस्क होते. वाईट नाहीत, पण घाट उतरताना दोन-तीन बोटांनी दाबत राहावं लागतं, आणि पावसात पॅड झिजले की दर थोड्या दिवसांनी केबल ओढून घ्यायची. दुसरं, हेड ट्यूब सरळ, म्हणजे वर-खाली सारखीच, १ १/८ इंची नळीच्या फोर्कसाठीची. आजकालचे बहुतेक बरे फोर्क टेपर्ड येतात, वर १ १/८ इंच आणि खाली दीड इंच. सरळ हेड ट्यूबमध्ये तो खालचा जाड भाग जाईल कसा? म्हणजे त्या सायकलीला जो फोर्क आलाय तोच जन्मभर, किंवा मग मोजकेच पर्याय. आणि आलेला फोर्क स्प्रिंगचा, ज्याच्या डोक्यावर एक गोल बटण असतं, ते फिरवलं की सस्पेन्शन कडक होतं असं दुकानदार सांगतो. होत नाही. ते प्रीलोड आहे, त्यानं स्प्रिंग सुरुवातीला जराशी दाबलेली राहते, कडकपणा तोच. स्प्रिंग सरासरी वजनाच्या माणसासाठी बनवलेली असते, आमचे दाजी सरासरी नव्हते.

३८ आणि ६४

३८ हजारांची एक नवी बघितली, २x९ आल्टस, ३६-२२ आणि मागं ११-३४, हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलावर चालणारे) ब्रेक शिमानोचे एमटी२००, फोर्क स्प्रिंगचाच पण लॉकआउट असलेला, म्हणजे हवा तेव्हा कडक करता येणारा, हेड ट्यूब टेपर्ड. मला विचाराल तर पहिली एमटीबी घेणाऱ्यासाठी खरी उडी इथं आहे, २४ ते ३८ च्या मध्ये, आणि ती सगळी ब्रेकमध्ये आहे. दाजींनी दुकानाबाहेर एका बोटानं ब्रेक दाबला आणि पुढचं चाक असं थांबलं की मागचं उचललं गेलं. घाबरले. मग हसले. त्या क्षणी मला कळलं की आता केबलचे ब्रेक घरी येत नाहीत.

६४ हजारांची माझ्या मित्राची होती, त्यानं रविवारी अर्धा दिवस दिली. १x१२ देओरे, एअर फोर्क, पुढं-मागं थ्रू ॲक्सल, म्हणजे आरपार जाणारा जाड आस. साताऱ्यातल्या चारभिंतीच्या बाजूच्या कच्च्या वाटेवर दाजींनी दोन चकरा मारल्या. एअर फोर्कची मजा अशी की स्प्रिंगऐवजी हवा, शॉक पंपनं आपल्या वजनाप्रमाणं भरायची. फोर्कच्या नळीवर एक रबरी रिंग असते, तिला खाली सारायचं, सायकलवर हळूच बसायचं, हळूच उतरायचं, रिंग किती वर गेली ते मोजायचं. १०० मिलिमीटरच्या फोर्कला २० ते २५ मिलिमीटर आलं की बरोबर. आम्ही मित्राच्या वजनाच्या हवेवर दाजींना बसवलं तर ३८ आलं, हवा वाढवल्यावर २४. तोच दगड, तीच वाट, पण दुसऱ्या चकरेला हँडल हातातनं निसटत नव्हतं. गिअरमध्ये फरक जाणवला का विचारलं तर म्हणाले, "बोटाला मऊ लागतं." बास. म्हणजे २६ हजारांच्या फरकातनं त्यांना कळला तो फोर्क. १२ गिअर, थ्रू ॲक्सल यातलं काही त्यांच्या अंगाला कळलं नाही, आणि ताशी १५ नं शाळेत जाणाऱ्याला कळायचं कारणही नाही.

मॉडेलच्या नावांचं थोडं. मार्लिन, टॅलन, बिग नाइन, ॲस्पेक्ट ही नावं ऐकून लोक भांडतात, पण एकाच नावाखाली वर्ष बदललं की फोर्क बदलतो, ब्रेक बदलतो, कधी गिअरची संख्याच बदलते. एकाच मालिकेत पुढचा आकडा बदलतो तसं सामान बदलत जातं, फ्रेम बऱ्याचदा तीच असते. त्यामुळं "अमुक चांगली का तमुक" याला उत्तर नाही, त्या वर्षाची स्पेक समोर ठेवा मग बोलू.

घेतली ती

तर ३८ ची घ्यायची ठरत होती, ताई आकडा ऐकून गप्प झालेली, आणि ताई गप्प झाली की घरात काय होतं ते दाजींनाच माहिती. तेवढ्यात पुण्यात एक वापरलेली मिळाली. तीन वर्षं जुनी, नवी असताना ४५ च्या आसपासची, मागणी २५. मी म्हणलं बघू तरी. हा सल्ला माझा होता, पुढं जे काय झालं त्याची जबाबदारी म्हणून सांगतोय.

फ्रेम ठीक होती, वेल्डिंगजवळ नख फिरवून बघितलं, चीर नाही. टेपर्ड हेड ट्यूब, कॅसेट हब, एमटी२०० ब्रेक, २x९, पुढं ३६-२२ आणि मागं ११-३६. चेन किती ताणलीय ते मोजायचा गेज टाकला तर ०.७५ च्या बाजूनं सहज आत गेला, म्हणजे चेन तर गेलीच, एवढी ताणलेली चेन चालवली की कॅसेटचे दातेही हुकासारखे झालेले असतात, तेही गेले. डिस्कची जाडी मोजली, १.६ मिलिमीटर. नवी १.८ असते, १.५ ला टाकून द्यायची. टायर वाळलेले, बाजूला चिरा. फोर्क दाबला तर खाली जायचा आणि वर यायला विचार करायचा. हे सगळं त्या मुलासमोर मोजत बसल्यामुळं त्यानं दोन हजार स्वतःहूनच कमी केले, २३ ला दिली. टेम्पोनं साताऱ्याला आणायचे ६००.

काय बघायचं राहिलं? दोन गोष्टी, दोन्ही माझ्या. साइज एम होता, दाजींची उंची एस आणि एमच्या सीमेवर, मी म्हणलं चालेल, मीही एमच चालवतो. माझी उंची १७६ आहे हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आणि दुसरं, हँगर.

हँगर म्हणजे फ्रेम आणि डिरेलरच्या मधला ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा, दोन बोटांएवढा. मुद्दाम मऊ करतात, सायकल पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. जुलैमध्ये, भर पावसात, त्या फरशी पुलाच्या उतारावर दाजी उजव्या अंगावर घसरले. काही लागलं नाही, उठले, चिखल पुसला, निघाले. चढ आला, सगळ्यात हलका गिअर टाकला, आणि वाकलेल्या हँगरमुळं डिरेलर सरळ आऱ्यांत गेला. खाड्‌कन आवाज, मागचं चाक जाम, हँगरचे दोन तुकडे. मला फोन आला तेव्हा मी अंघोळीला निघालेलो, पावसाचा आवाज एवढा की निम्मं ऐकू येईना. मी सांगत गेलो, दाजी करत गेले. डिरेलर सोडवून फ्रेमला सुतळीनं बांधा, चेन टूलनं चेन तोडा, मधल्या दात्यावर सरळ बसेल एवढी आखूड करा, परत जोडा. चेन टूल मी जबरदस्तीनं त्यांच्या बॅगेत टाकलेलं, तेवढं एक माझ्या बाजूनं. एका गिअरवर शाळेत पोचले, चौथीच्या पोरांनी शेवटचा चढ ढकलला, आणि त्या दिवशीचा परिसर अभ्यासाचा तास डिरेलरवर झाला म्हणे.

हँगर मिळायला तीन आठवडे लागले. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, शेकड्यांनी प्रकार आहेत, आणि त्या जुन्या मॉडेलचा विक्रेत्याकडे नव्हता. शेवटी फोटो आणि भोकांचं अंतर पाठवून एका ऑनलाइनवाल्याकडनं मागवला, दोन मागवले, ४५० ला एक. नवी सायकल घेणाऱ्यांना म्हणून सांगतो, दुकानातनं बाहेर पडताना एक जादा हँगर खिशात घालूनच बाहेर पडा, तेव्हा तो तिथं ड्रॉवरमध्ये असतो.

साइजचं दुखणं हळू वर आलं. महिनाभरात दाजींच्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. हँडल लांब पडत होतं, सगळं वजन तळहातावर. ९० मिलिमीटरचा स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) काढून ६० चा टाकला, सीट एक सेंटिमीटर पुढं घेतली, बरं झालं. पूर्ण बरं नाही, यवतेश्वरच्या पुढं गेलं की अजून हात झटकतात. साइज चुकला तर स्टेमनं थोडं झाकता येतं, मिटवता येत नाही.

ब्रेकचं सांगायचं राहिलं. पावसाळ्यात त्या मुरमाच्या चिखलानं पॅड दोन महिन्यांत संपले, रेझिनचे पॅड म्हणल्यावर व्हायचंच, चिखल म्हणजे सॅंडपेपर. मग एकदा लिव्हर स्पंजसारखा लागायला लागला, आत हवा. दाजी गल्लीतल्या मेकॅनिककडे गेले तर तो मोटरसायकलच्या ब्रेक ऑइलची बाटली घेऊन बसलेला. नशीब दाजींनी टाकायच्या आधी फोन केला. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, मोटरसायकलचं ते डॉट ऑइल टाकलं की आतले रबर फुगतात आणि ब्रेक फेकून द्यायचा. माणूस वाईट नाही, चाकाचा आउट काढण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही, पण हायड्रॉलिक त्याच्याकडे पहिल्यांदाच आलेले.

टायरमध्ये मात्र फुकटात फरक पडला. नवे २.२५ चे टाकले, आणि दाजींची सवय अशी की अंगठ्यानं दाबून दगड लागेपर्यंत हवा भरायची, मोजलं तर ५० पीएसआय. मी पुढं २८ आणि मागं ३२ केलं. कासच्या वाटेवर कडेला जिथं जांभा उघडा पडलाय आणि त्यावर बारीक खडी असते तिथं आधी सायकल घसरायची, आता चिकटून जाते. ट्यूब असताना याच्या फार खाली जाऊ नका, दगडावर रिम आपटली की ट्यूबला सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. आम्ही खाली गेलो तेव्हा आमच्याही ट्यूबला दोन पडली, तेव्हा कळलं मागं ३२ च हवेत.

आणि फोर्क. तो थकलेला स्प्रिंगचा फोर्क आम्ही ऑक्टोबरपर्यंत ओढला. मग एक वापरलेला एअर फोर्क मिळाला, २९ चा, १०० मिलिमीटर, टेपर्ड, साधा क्विक रिलीजचा (लिव्हरनं उघडणाऱ्या बारीक आसाचा), साडेनऊ हजार. वापरलेल्या फोर्कमध्ये सगळ्यांचा घोटाळा होतो तो वरच्या नळीच्या लांबीत, कारण आधीच्या मालकानं ती आपल्या फ्रेमप्रमाणं कापलेली असते आणि कापलेली नळी वाढत नाही. आमच्या फ्रेमला हेड ट्यूब, हेडसेट (तिच्यातली बेअरिंग), स्टेम धरून १७८ मिलिमीटर हवी होती, त्याची १८५ निघाली. एक स्पेसर टाकून भागलं. फ्रेमची हेड ट्यूब सरळ असती तर हा अख्खा परिच्छेद लिहायला लागला नसता.

ताईची वही

आता पैशाचं, ज्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. ताईनं सगळं लिहून ठेवलेलं. सायकल आणि टेम्पो २३,६००. चेन आणि कॅसेट ३,१५०. टायर २,९००. पॅड दोनदा मिळून १,८००, ब्रेकमधली हवा काढायचे ७००, मागच्या हबचं ग्रीसिंग ४५०, दोन हँगर ९००, स्टेम ९००. एअर फोर्क, बसवणं आणि शॉक पंप मिळून ११,९००. हेल्मेट, पंप, लाइट, कुलूप ५,०००. जुना फोर्क १,२०० ला गेला तो वजा. चौदा महिन्यांत ५०,१००.

ताईचं म्हणणं, "३८ ची नवी घेतली असती तर हेल्मेट-बिल्मेट धरून ४३ त झालं असतं, वर वॉरंटी, आणि बोटं बधिर झाली नसती." बरोबर आहे. माझं म्हणणं, ३८ च्या सायकलला स्प्रिंगचा फोर्क होता, पॅड आणि टायर तिलाही लागलेच असते, आणि आता जी दारात उभी आहे ती ६४ वालीच्या बरीच जवळ जाते. हेही बरोबर आहे. पण मी जे मनात धरलेलं, की वापरलेली घेऊन पैसे वाचतील, ते वाचले नाहीत, फक्त हप्त्याहप्त्यानं गेले. आणि दर हप्त्याला "परत परत मागू नका" हे वाक्य दाजींनी ऐकलं, मी नाही. ज्याला स्वतः हात काळे करायची हौस आहे किंवा तसा मेहुणा आहे त्यानं वापरलेली घ्यावी. बाकीच्यांनी ३० च्या पुढं जाता येत असेल तर आपल्या साइजची, कॅसेट हबची, हायड्रॉलिक ब्रेकची नवी घ्यावी आणि फोर्ककडे सध्या कानाडोळा करावा. बजेट खरंच १५ असेल तर सस्पेन्शनच नको, कडक पुढच्या फोर्कची जाड टायरवाली साधी सायकल घ्या, ती हलकी असते आणि तिच्यात मोडायला कमी असतं.

दाजी आता ८१ किलो आहेत. शाळेची फेरी तीनवरनं चार दिवसांवर गेलीय. सध्या चढावर जोर दिला की खालनं कट्‌ कट्‌ असा आवाज येतो, प्रत्येक उजव्या पायडलला एकदा. पायडल काढून ग्रीस लावून झालं, सीटपोस्ट पुसून झाला, आवाज आहेच, म्हणजे बीबी. चौकोनी आसाची कार्ट्रिज बीबी आहे, नवी सहाशे-सातशेला येते. पण दाजींनी कुठं तरी होलोटेकबद्दल, म्हणजे शिमानोच्या वरच्या प्रकारच्या बीबीबद्दल वाचलंय आणि त्याला क्रँकसकट (पायडलच्या दांड्यांसकट) बदलायला लागतं, ते अजून वहीपर्यंत गेलेलं नाही. रविवारी उघडून बघतोय, आधी त्या जुन्या कार्ट्रिजचे छर्रे खरंच गेलेत का नुसती सैल झालीय ते.